ओझें हलकें करणारी जादू

भोरकडील एका एकत्र कुटुंबांतून ह्या महिन्यांत आमच्याकडे दोन पत्रें आलीं, एक आजोबांचें आणि एक नातवंडांचें. आजोबांची तक्रार अशी कीं, सुटी लागल्यापासून घरांतील पांचसहा मुलें माजघरांत कागद, पेन्सिली आणि वीस पैलूंचे फासे घेऊन बसतात. कोणी योद्धा होतो, कोणी मांत्रिक, कोणी चोर. आणि जेवणाची हांक तीन तीन वेळां मारावी लागते. नातवंडांचा प्रश्न असा: "आमच्या खेळांतील वीरांस गडावरून खजिना खालीं आणावयाचा आहे. ओझें फार होतें. तें हलकें करणारी जादूची वस्तु कशी रचावी, म्हणजे खेळांतली गंमत जाणार नाहीं?" आजोबांस आम्ही इतकेंच सुचवितों कीं, हांक एकदांच मारावी आणि मग ताटें उचलावीं. मुलांचा प्रश्न मात्र वाटतो त्यापेक्षां अवघड आहे, म्हणून आजचा सर्व मजकूर त्यालाच देतों.

ज्या वाचकांस हा खेळ ठाऊक नाहीं त्यांच्यासाठीं थोडें सांगितलें पाहिजे. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' ह्या नांवानें तो १९७४ सालीं अमेरिकेंत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन ह्या दोघांनीं प्रसिद्ध केला, आणि त्याच धर्तीचे पुष्कळ खेळ पुढें निघाले. पट असला तरी चालतो, नसला तरी चालतो. एक जण सूत्रधार होतो व प्रसंग वर्णन करून सांगतो. बाकीचे आपापलें पात्र त्या प्रसंगांत काय करील तें सांगतात. आणि जें घडेल कीं नाहीं ह्याविषयीं शंका असते तें फाशावर सोंपवितात. आमच्या संस्कृत नाटकांतला सूत्रधार प्रस्तावना आटोपून निघून जातो, हा शेवटपर्यंत बसून राहतो, एवढाच काय तो भेद. प्रत्येक पात्राचें बळ आंकड्यांत लिहिलेलें असतें. २०१४ सालच्या नियमपुस्तकाप्रमाणें त्या आंकड्याची पंधरापट केली म्हणजे तितके पौंड ओझें तें पात्र वाहूं शकतें.

येथें आमच्यांतला मास्तर जागा झाला. सामान्य मनुष्याचें बळ १० धरलें आहे. तेव्हां त्याचें ओझें १५० पौंड, म्हणजे ६८ किलो. तांदळाचें पन्नास किलोचें पोतें पाठीवर घ्यावें आणि त्यावर पांच वर्षांचें मूल बसवावें, इतकें हें झालें. आणि असें असून वीराची चाल मंदावत नाहीं असें पुस्तक म्हणतें! गुंजवण्याच्या बाजूनें राजगडाचा चोरदरवाजा गांठलेला कोणीहि मनुष्य हें वाचून हांसेल. माणसाला एवढें ओझें वाहतां येत नाहीं असें मात्र नव्हे. नेपाळांतील हमालांचा जो अभ्यास २००५ सालीं प्रसिद्ध झाला त्यांत पुरुष सरासरीनें स्वतःच्या वजनाच्या ९३ टक्के ओझें नेतांना आढळले. पण ते सावकाश चालतात आणि घडोघडीं थांबतात. त्यांचें कसब त्या थांबण्यांत आहे, आणि पुस्तकानें नेमकें तेंच गाळलें आहे. मुलांनीं आधीं हें थांबणें खेळांत घ्यावें. जादू मागाहून.

दुसरी गोष्ट नाण्यांची. मुलांनीं आपला खजिना तोरण्यावर ठेवला आहे असें पत्रावरून दिसतें. जागा चांगली निवडली. तोरण्याच्या दुरुस्तीच्या वेळीं गडावर धन सांपडलें आणि त्यांतून समोरच्या मुरुंबदेवाच्या डोंगरावर राजगड उभा राहिला, ही कथा बखरींतून चालत आली आहे. आतां हिशेब करूं. शिवकालीन होन तीन ग्रॅमहून थोडा हलकाच असे. सोपें जावें म्हणून तीनच धरूं. एक लाख होन म्हणजे तीनशें किलो. डोंगरउतारावर माणशीं तीस किलो दिले तर दहा हेलकऱ्यांत काम होतें. आतां ह्याच खेळाच्या १९७० नंतरच्या दशकांतील जुन्या पुस्तकांचा हिशेब घ्या. त्यांत दहा सुवर्णनाण्यांचा एक पौंड धरीत, म्हणजे एक नाणें पंचेचाळीस ग्रॅमचें! त्या मापानें लाख नाण्यांस दीडशें हेलकरी लागतील. नव्या पुस्तकांत पन्नास नाण्यांचा पौंड आहे. त्यानें तीस लागतील. एकच खजिना, आणि दहा माणसें, तीस माणसें, कीं दीडशें माणसें, हें नाण्याच्या वजनावर ठरतें. दहा माणसें गुपचूप जाऊं शकतात. दीडशें माणसांस शिधा लागतो, वाटेंत पाणी लागतें, आणि त्यांतला एक तरी फितूर होतोच. जादूच्या वस्तूचा विचार करण्यापूर्वीं सूत्रधारानें हें त्रैराशिक पाटीवर मांडावें. कित्येक वेळां जादूची गरजच उरत नाहीं.

आतां पुस्तकांत आयत्या दिलेल्या जादूच्या वस्तु पाहूं. 'बॅग ऑफ होल्डिंग' नांवाची एक पिशवी आहे. तिचें स्वतःचें वजन पंधरा पौंड. आंत पांचशें पौंड सामान भरलें तरी बाहेर पंधराच. पिशवी फाटली किंवा तिला भोंक पडलें तर आंतलें सगळें दुसऱ्याच लोकांत विखरून जातें, आणि आंत जिवंत माणूस कोंडला तर त्याला दहा मिनिटांपुरतीच हवा मिळते. अटी वाईट नाहींत. पण त्या दूरच्या आहेत. पिशवी जपून वापरणाऱ्या गड्यास त्या कधीं आडव्या येत नाहींत. दोनतीन बैठकी झाल्या कीं वजन हा विषयच खेळांतून नाहींसा होतो, आणि मग मुलें आम्हांस पत्र लिहितात कीं गंमत जाते.

ह्यापेक्षां 'टेन्सरची तरंगती तबकडी' आम्हांस अधिक आवडली. मांत्रिकानें मंत्र म्हटला कीं तीन फूट व्यासाची एक तबकडी जमिनीपासून तीन फुटांवर तरंगते, पांचशें पौंड उचलते, आणि धन्याच्या मागोमाग तासभर चालते. मात्र दहा फूट वा अधिक उंचीचा चढ अगर उतार आला कीं ती तो ओलांडूं शकत नाहीं. हा मंत्र आमच्या वेल्ह्यांत आणून पाहावा. (वेल्हें तालुक्याचें नांव राजगड तालुका असें करण्याचा निर्णय २०२४ सालीं झाला, आमच्या तोंडीं अजून वेल्हेंच बसलें आहे.) तोरण्याच्या बुधला माचीवरून उतरून डोंगराच्या सोंडेनें राजगडाच्या संजीवनी माचीकडे, अळू दरवाजाशीं जाणारी वाट आहे, पायीं चालणारे ती एका दिवसांत करतात. त्या वाटेवर तबकडी पहिल्याच कड्याशीं हटून बसेल, आणि पांचशें पौंड सोनें तीन फुटांवर अधांतरीं, तासाची घटका भरत आलेली! येथें खेळ सुरू होतो. सोनें दोरानें उतरवावयाचें, कीं कांहीं टाकून द्यावयाचें, कीं दहा फुटांपेक्षां कमी उतरण असलेली दुसरी वाट शोधावयाची? ज्यानें ही दहा फुटांची अट घातली त्यास वस्तु रचण्याचें मर्म कळलें होतें असें आम्ही म्हणतों.

तें मर्म असें. जड वस्तूचें जडपण नाहींसें होत नाहीं. तें तेथून निघतें आणि दुसरीकडे कोठें तरी जातें. तें काळावर जातें, वाटेवर जातें, शब्दावर जातें, नाहींतर दुसऱ्याच्या खांद्यावर जातें. कोठें गेलें हें ज्यास सांगतां येतें त्यानें जादूची वस्तु रचावी. जो "गेलें" एवढेंच सांगतो, त्यानें अजून निम्मेंच काम केलें आहे.

आमच्या कथांनीं हें नेहमीं सांभाळलें. अक्षयपात्राचेंच पाहा. वनवासांत शेंकडों ब्राह्मणांचा शिधा पाठीवर वाहण्याचें संकट युधिष्ठिरापुढें होतें. सूर्यानें पात्र दिलें आणि तें टळलें. पण अन्न द्रौपदी जेवेपर्यंतच अक्षय. ही एक अट काढली तर दुर्वासाच्या प्रसंगांत कांहीं राहत नाहीं. लघिमा ही सिद्धि सांगितली ती गरिमेच्या शेजारीं. आणि भीमास हनुमंताचें नुसतें शेंपूट हालेना, ही वनपर्वांतली गोष्ट मुलांना ठाऊक असेलच. हलकें करणारी वस्तु उलट वापरली असतां जड करणारी असावी, हें त्यावरून घेण्यासारखें आहे.

पण ओझ्याची सर्वांत उत्तम कथा वेताळाची. राजाच्या खांद्यावर प्रेत, वाट स्मशानाची, अट एकच कीं तोंडांतून शब्द काढूं नये. वेताळ गोष्ट सांगतो, गोष्टीच्या शेवटीं कोडें घालतो, राजा उत्तर देतो, आणि प्रेत पुन्हां झाडावर. त्या प्रेताचें वजन किती, असें विचारणारा वाचक आम्हांस भेटलेला नाहीं. कारण गोष्ट चालली आहे तोंपर्यंत तें राजासहि लागत नाहीं आणि आपणांसहि नाहीं. ओझें हलकें करण्याची ही युक्ति जात्यावर बसलेल्या बायकांस आणि पालखीच्या भोयांस कोणी शिकवावी लागली नाहीं. आमच्या भागांत तर प्रेताचें ओझें एका वाटेच्या नांवांतच उरलें आहे. केळदजवळून कोंकणांत उतरणाऱ्या वाटेस मढे घाट म्हणतात. १६७० सालीं सिंहगडावर पडलेल्या तानाजी मालुसऱ्यांचा देह ह्याच वाटेनें त्यांच्या गांवीं उमरठ्यास नेला, असें लोक सांगतात. सिंहगड कोठें, उमरठें कोठें! मधें दऱ्या आणि डोंगर किती! खांदा देणारांनीं तो देह जड आहे म्हणून कोठें खालीं ठेवला असेल असें मनास वाटत नाहीं.

पैठणास श्रीखंड्याची कथा सांगतात. एकनाथांच्या घरीं बारा वर्षें कावडीनें गोदावरीचें पाणी भरणारा हा पोऱ्या प्रत्यक्ष पांडुरंग होता, अशी ती कथा. ह्यांत घागर हलकी झाली नाहीं, नदी जवळ आली नाहीं, रांजण लहान झाला नाहीं. फक्त वाहणारा बदलला. आमच्या संतांच्या चमत्कारांत आणि परदेशी पिशवींत हा फरक आहे, आणि तो मुलांनीं नीट न्याहाळावा अशी आमची इच्छा आहे.

आतां कथा सोडून खऱ्या साधनांकडे वळूं, कारण जादूची वस्तु खऱ्या वस्तूवरून रचली असतां पटते. चुंबळ घ्या. फडकें पिळून केलेलें वेटोळें, दुसरें कांहीं नाहीं. भार गुंजभरहि कमी होत नाहीं. मस्तकाच्या एका ठिकाणीं टोंचणारा दाब सभोंवार पसरतो, घागरीच्या गोल बुडास बैठक मिळते, आणि मान सरळ राहते. डोक्यावर ओझें वाहण्याची कला हलकी समजूं नये. केनियांतील लुओ आणि किकुयू स्त्रियांचा अभ्यास १९८६ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत असें दिसलें कीं, स्वतःच्या वजनाच्या पांचव्या हिश्श्यापर्यंतचें ओझें त्या अधिक दम खर्च न करतां नेतात. जें आपण जादू म्हणून मागतों तें त्या लहानपणापासूनच्या चालीनें साधतात. आमच्या डोंगरकपारींतील ज्या बायका तीन तीन भांड्यांची उतरंड घेऊन पाणवठ्याची चढण चढतात त्यांची परीक्षा कोणी घेतली तर काय निघेल ह्याविषयीं आम्हांस फारशी शंका नाहीं.

मग कावड. अमरकोशांत भाराचीं मापें दिलीं आहेत: शंभर पलांची एक तुला, वीस तुलांचा एक भार, आणि दहा भारांचा आचित, म्हणजे गाडीभर ओझें. त्याच कोशांत कावडीच्या दांड्यास एक नांव दिलें आहे: विहंगिका. विहंग म्हणजे पक्षी. दोन बाजूंस लोंबणारीं शिंकीं पाहून कोणास पंख आठवले असावेत असें आम्हांस वाटतें. खांद्यावर भार घेऊन वांकलेल्या मनुष्याकडे पाहून ज्यास पक्षी आठवला त्याच्या कल्पनेस आमचा नमस्कार असो. कावडीचा बांबू लवचीक असतो, चालीच्या ठेक्याबरोबर तो वरखालीं झुलतो, आणि सराव असलेला मनुष्य त्या झोक्याशीं पाऊल जुळवून घेतो. पण कावडीचा खरा कायदा तोलाचा आहे. एका शिंक्यांत घागर असेल आणि दुसऱ्यांत घालावयास कांहीं नसेल, तर तेथें धोंडा बांधावा लागतो. तोल राहावा म्हणून माणूस निरुपयोगी ओझेंहि वाहतो. सासवडहून तेल्या भुत्याची कावड चैत्रांत शिखर शिंगणापुरास महादेवाकडे जाते. मुंगी घाटाच्या खड्या चढणीवर माणसांची साखळी होते आणि कावड हातोहात वर जाते. तेथें एका माणसाच्या बळाचा आंकडा विचारण्यांत अर्थ नाहीं.

आणि सर्वांत मोठी युक्ति गड बांधणारांची. सह्याद्रीच्या गडांवर चढतांना मुलें विचारतात कीं, एवढा दगड वर चढविला कसा? पुष्कळसा चढविलाच नाहीं. माथ्यावरचाच खडक फोडून टाकीं खोदलीं, निघालेला दगड तटास लावला, आणि जो खळगा राहिला त्यांत पावसाचें पाणी सांठविलें. तटाचा दगडहि वाहावा लागला नाहीं आणि वर्षाचें पाणीहि नाहीं. ह्यापुढें पांचशें पौंडांच्या पिशवीची काय मातबरी!

आतां मुलांस हव्या त्या वस्तु. पहिली आम्ही विहंगिकाच करूं. जुनी, काळी पडलेली बांबूची कावड, गडावरच्या देवळाच्या आढ्यास टांगलेली. तिच्या दोन्ही शिंक्यांत सारखें वजन असेल तोंवर सगळें ओझें पिसासारखें. फरक एका पासरीपर्यंत, म्हणजे पांच शेरांपर्यंत, खपवून घ्यावा. त्यापुढें गेला कीं दोन्ही बाजूंचें मूळ वजन एकदम खांद्यावर. आतां एका बाजूस दीडशें पौंड होन भरले. दुसऱ्या बाजूस काय? धोंडे घालतां येतील, पण धोंडे कोणी चोरीत नाहीं, म्हणून त्यांत गंमत नाहीं. खेळांत कोणी तरी जखमी झालेला असतोच. त्यास दुसऱ्या शिंक्यांत बसवावें. झालें! सोबती आहे म्हणून सोनें हलकें आणि सोनें आहे म्हणून सोबती हलका. मुलें आनंदानें चार मैल जातील. मग घाटाच्या तोंडाशीं जकातीची चौकी येते आणि थोडे होन द्यावे लागतात. किंवा सोबत्याची जखम भरते आणि तो म्हणतो, "मला आतां खालीं उतरवा, मी चालतों." त्या क्षणीं सगळ्यांचे चेहरे पाहण्यासारखे होतील, आणि सूत्रधारास फासा हातांत धरण्याचीहि गरज पडणार नाहीं.

चुंबळ आम्ही उसनवारीची करूं. ती डोक्यावर ठेवली असतां चढणीचें ओझें अर्धें लागतें. राहिलेलें अर्धें उतरणीवर परत येतें, दीडपट ओझें होऊन. ज्यांनीं डोंगर चढउतार केले आहेत त्यांस ठाऊक आहे कीं गुडघे उतरणीवर जातात, चढणीवर नव्हे. मुलांस हें ठाऊक नसेल तर खेळांत कळेल.

तिसरी वस्तु झोळी. ही सांगतांना हात थोडा जड होतो. डोंगरावरच्या ज्या वाड्यांस गाडीरस्ता पोंचलेला नाहीं तेथून आजाऱ्याला किंवा बाळंतिणीला झोळींत घालून, तिला आडवा बांबू लावून, चार माणसें खांदे पालटीत खालीं आणतात. पावसाळ्यांत ओढा भरला असेल तर काय होत असेल तें लिहावें लागूं नये. जादूची झोळी अशी असावी कीं तिचा भार हात लावणाऱ्या सर्वांत सारखा वांटला जावा. आणि जो हजर नाहीं पण ज्यानें "माझाहि खांदा धरा" असा शब्द दिला आहे, तोहि मोजला जावा. वीस कोसांवर आपल्या घरीं निजलेल्या त्या मनुष्याच्या खांद्यावर त्या वेळीं त्याचा वांटा उतरेल. तेव्हां खेळाच्या आरंभापासून मुलांना गांवोगांव लोकांशीं स्नेह करावा लागेल, कारण शब्द देणारे जितके अधिक तितकी झोळी हलकी. एकत्र कुटुंबांतील मुलांस ह्या वस्तूचा व्यवहार समजावून सांगावा लागणार नाहीं. काकाच्या खांद्यावर आपलें काय काय आहे हें तीं जाणतात.

शब्द न विचारतां दुसऱ्याच्या खांद्यावर ओझें टाकणें ह्याला मात्र आमच्याकडे निराळें नांव आहे: वेठ. अंमलदाराची स्वारी निघाली कीं तंबू, पेट्या, भांडीं एका गांवच्या वेशीपासून दुसऱ्या गांवच्या वेशीपर्यंत कोणी न्यावयाचीं हें ठरलेलें असे. बहुधा गांवच्या महारांच्या माथीं तें पडे, आणि वतनाच्या नांवाखालीं त्याचे दाम मिळत नसत. १९२८ सालीं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं मुंबईच्या कायदेमंडळांत महार वतनासंबंधीं विधेयक मांडलें. राज्यघटनेच्या २३व्या कलमानें वेठ १९५० सालीं निषिद्ध झाली आणि १९५८ च्या कायद्यानें तीं वतनेंहि गेलीं. ज्याची पेटी जाई त्याच्या दृष्टीनें ती पेटी जादूचीच होती. येथून निघे, तेथें पोंचे, आणि हातास घट्टा पडत नसे. आमच्यासारख्यांच्या जुन्या वाड्यांतहि "पाणी आलें" असें म्हणण्याची रीत होती. नळ येण्यापूर्वींचें तें पाणी पाणक्याच्या खांद्यावरून येई. वाक्यांत त्याचा पत्ता नसे.

म्हणून चौथी वस्तु, आणि आमच्या मतें मुलांच्या खेळास हीच खरी योग्य. दिसण्यांत ती पुस्तकांतल्या पिशवीसारखीच असावी. तोरण्यावर खजिन्याच्या शेजारींच ती सांपडावी, आणि सूत्रधारानें तिची एकहि अट सांगूं नये. भरा म्हणावें, भरतील तितके होन भरा. दोन बैठकी मुलांना सुखानें चालूं द्यावें. कडे उतरूं द्यावे, ओढे ओलांडूं द्यावे, एकमेकांस शाबासकी देऊं द्यावी. तिसऱ्या बैठकींत, गडाच्या पायथ्याच्या एका वाडींत, त्यांस एक म्हातारा भेटावा. तो कमरेंत वांकून, गुडघ्यांवर हात टेंकीत चालला आहे. पाठीवर कांहीं नाहीं. गांवकरी सांगतात कीं, हा परवांपर्यंत ताठ चालत होता; परवां दुपारीं शेतांत उभा असतां एकाएकीं खालीं बसला. परवां दुपारीं काय झालें होतें, हें मुलांनीं आपल्या वहींत पाहावें. कोणी तरी चाणाक्ष मूल पिशवींतून मूठभर होन काढून पाहील. म्हातारा थोडा सरळ होईल. परत घातले कीं पुन्हां वांकेल.

ह्यापुढें काय करावयाचें तें सूत्रधारानें सुचवूं नये. पिशवी रिकामी करून तीनशें किलो सोनें आपण वाहावयाचें. कीं म्हाताऱ्यास दाम देऊन राजगडापर्यंत असेंच जावयाचें. कीं त्याच्याजवळ बसून त्याची मर्जी विचारावयाची आणि त्यानें नाहीं म्हटलें तर ऐकावयाचें. कीं रात्रींच वाडी सोडावयाची, हें मुलांनीं आपसांत बोलून ठरवावें. भांडण झालें तर होऊं द्यावें. फक्त त्या वेळीं फासे आजोबांनीं आपल्याजवळ ठेवून घ्यावे.